दुसऱ्या बाजूचा ओरखडा

त्याने वाचनालयाचं दार ढकललं आणि तिच्या हातून सुई निसटली. छत्री उलटी झालेली, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि हा पठ्ठ्या दारातच थबकलेला... ती बघत राहिली. व्हायचं तेच झालं. सुई रेकॉर्डवरून खर्रकन घसरली.

रेकॉर्ड जाझची होती. हार्ड बॉप म्हणतात तो तडफदार बाज नुकताच बाळसं धरत होता, तेव्हा एका ट्रम्पेटवाल्याने स्वतःचा चमू जमवून काढलेली. वाचनालयात तिची एकच प्रत. रेकॉर्ड घरी न्यायला द्यायच्या आधी पूर्ण ऐकायची आणि काही बिघाड असेल तर तिच्या कार्डावर लिहायचा, असा नियम. ती नेमकी तेच काम करत होती.

"हीच न्यायची आहे," तो म्हणाला. "समोरच्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो मी. संध्याकाळी ट्रम्पेट वाजवतो. म्हणजे... शेजारी म्हणतात छळतो."

मान खाली घालून तिने कार्डावर लिहिलं, 'निर्दोष'. अनोळखी माणसासमोर आपला वेंधळेपणा कबूल करायची लाज वाटली, दुसरं काय?

मग दर गुरुवारी तो मुदत वाढवून घ्यायला येऊ लागला.

"एवढं काय आहे हो त्यात?" एकदा तिने विचारलं.

"दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं. ट्रम्पेट बोलता बोलता सूर मधेच तोडतो आणि थेट पुढे उडी मारतो. आणि ड्रमवाला, पियानोवाला, सगळे त्याच्याबरोबर. काय जमवलंय... महिनाभर तेवढंच बसवतोय."

सुई ओरखड्यावरून उडत होती. ती उडी ट्रम्पेटवाल्याची नव्हती, तिची होती.

"शनिवारी इथला एक चमू मला ऐकणार आहे. त्यांना ट्रम्पेटवाला हवाय. तुम्ही याल? तुम्ही समोर असलात की फुंक नीट लागते."

"कधी लागली होती?"

"लागेल, म्हणून तर बोलावतोय."

आत्ता सांग, तिने स्वतःला बजावलं. पण तो हसला. "येईन," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी सरावाच्या खोलीत ती शेवटच्या खुर्चीवर बसली. सुरुवात झकास झाली. मग ती जागा आली आणि त्याने उडी मारली. एकट्यानेच. बाकीचे मागेच राहिले, ड्रमवाल्याची काठी हवेत.

"हे काय होतं?" चमूच्या म्होरक्या, पियानोवाल्या बाई, म्हणाल्या.

"तसंच आहे ते... रेकॉर्डवर."

"अहो, ती रेकॉर्ड ऐकत केस पिकले आमचे."

सगळे हसले. तो लाल कानांनी बाहीला ट्रम्पेटचं तोंड पुसत राहिला. ते तिला बघवेना.

"त्यांची चूक नाही," ती उठून म्हणाली. "रेकॉर्डवर ओरखडा आहे. मी पाडला. आणि कार्डावर निर्दोष लिहिलं."

त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"बरं, मग गाळलेलं आता वाजवा," बाई म्हणाल्या.

"मी ते... ऐकलेलंच नाही."

तिने ऐकलं होतं. फडताळं पुसताना तीन वर्षं ऐकलं होतं. खुर्चीची पाठ घट्ट धरून तिने ते गुणगुणलं. आवाज फाटला, कुणीतरी फिसकन हसलं, तरी तिने पुरं केलं. त्याने ट्रम्पेट ओठांना लावला. एक सूर चुकला. तिने मान हलवून पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी ड्रमवालाही सामील झाला.

"मंगळवारी या," शेवटी बाई त्याला म्हणाल्या. "आणि ह्यांनाही आणा, पुढचं विसरलात तर."

जिन्यात तो म्हणाला, "महिनाभर सांगता आलं नाही तुम्हाला?"

"लाज वाटली."

"ओरखड्याची?"

"तो कसा पडला, त्याची." ती कठड्याकडे बघत बोलली. "तुम्ही दारात उभे होतात. मी सुईकडे बघायला हवं होतं... नाही बघितलं."

तो दोन पायऱ्या उतरला. मग थांबला.

"मी तरी दारात कुठे गाणं ऐकायला थांबलो होतो?" तो म्हणाला. "कुठली रेकॉर्ड चालू होती, ते मला घरी जाऊन पाकीट वाचल्यावर कळलं."