जवळजवळ अकरा

स्टॉपवॉच एकच उरलं होतं आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक तिचा. दुसरा एका उंच, किडकिडीत मुलाचा, ज्याला सगळा वर्ग लंबू म्हणायचा.

"घे तू," तो म्हणाला. "मी नुसतं मोजेन."

"तुला जोडीदार नाही मिळाला?"

"आत्ता मिळाला... बहुतेक."

पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा पहिलाच प्रयोग. स्टँडला दोरा, दोऱ्याला लोखंडी गोळी. गोळी झुलवायची, वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोराने ओढते ते काढायचं. तिचे वडील गवंडी होते. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा घरी खुंटीला टांगलेला असायचा. लहानपणापासून तिने तो पाहिला होता. पण त्याला हळूच ढकललं तर पृथ्वीला काही विचारता येतं, हे तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

आईला प्रयोगाचं आणि जोडीदाराचं सांगितलं तर आई म्हणाली, "गोळी हलवत बसायला कॉलेजात घातलं का गं तुला?"

लंबू गोळी सोडायचा आणि मोठ्याने मोजायचा. ती घड्याळ सांभाळायची. शेवटच्या झोक्याला बटण दाबून तिने मान वर केली, की तो तिच्याकडेच बघत असायचा.

"गोळीकडे बघ ना."

"गोळी कुठे पळून चाललीय?"

तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. पण उत्तर काही जमेना. यायला हवं होतं नऊ दशांश आठ, आणि येत होतं जवळजवळ अकरा. पुन्हा केलं, पुन्हा अकराच. दोरा लांब केला, तरी तेच.

सरांनी आधीच बजावलं होतं, "ज्यांचा अहवाल चुकेल त्यांची जोडी मोडणार. दोघांनी मिळून एकच चूक गिरवण्यात काय अर्थ आहे?"

वाचनालयाच्या खिडकीशी दोघं अहवाल लिहायला बसले. हेतू झाला, साहित्य झालं, कृती झाली. निष्कर्षापाशी तिचं पेन थांबलं.

"नऊ दशांश आठ लिहून टाक," लंबू म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

"आपलं अकरा आलंय."

"मग सर जोडी मोडतील."

"मोडू देत."

तो मग हळूच म्हणाला, "चालेल तुला?"

तिला नाहीच चालणार होतं. पण ती नुसती पेनाचं टोपण काढघाल करत राहिली.

"मला नाही चालणार," तोच म्हणाला. "पण खोटं लिहून तुझ्या शेजारी बसायचं... तेही नाही जमणार."

त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. 'त्रुटीचे कारण' या मथळ्याखाली तिने लिहिलं — सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी अहवाल वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "सापडले नाही? करा बघू माझ्यासमोर."

लंबूने गोळी ओढून धरली, सोडली आणि म्हणाला, "एक —"

"थांब! अरे, मूल जन्माला आलं की लगेच एक वर्षाचं होतं का रे?"

सरांच्या बोलण्यावर तिने सुटलेल्या गोळीकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोळी सुटते तेव्हा एकही झोका झालेला नसतो. ते वीस म्हणत होते तेव्हा झालेले असायचे एकोणीस.

पुन्हा मोजलं. तिने आकडेमोड केली आणि कागदाकडे बघतच राहिली. नऊ दशांश सात नऊ.

आजूबाजूला बाकं सरकत होती, कुणीतरी हसत होतं. आणि इथे, हातभर दोऱ्यापाशी, डोंगर नि समुद्र सांभाळणाऱ्या एवढ्या थोरल्या पृथ्वीने दोन पोरांना खरं उत्तर दिलं होतं. तिच्या अंगावर काटा आला. लंबूच्या ओठांवरही थट्टा नव्हती.

"आपल्याला सांगितलं तिने..." तो पुटपुटला.

"आधीही सांगतच होती," ती म्हणाली. "आपणच चुकीचं ऐकत होतो."

सरांनी पूर्ण गुण दिले. "खरं लिहिलंत म्हणून. पण अहवाल चुकला होता, तेव्हा जोडी उद्यापासून वेगळी. नियम तो नियम."

दोघं जिना उतरू लागले. खालच्या वळणावर लंबू थांबला.

"सर प्रयोगशाळेतली जोडी मोडू शकतात," तो म्हणाला.

"आणि बाहेरची?"

त्याचे कान लाल झाले. "ती... अजून जुळायचीय. तू हो म्हणालीस तर."

ती दोन पायऱ्या खाली उतरली, वळली आणि त्याच्यापुढे हात केला.

"चल," ती म्हणाली. "आई विचारत होती, गोळी हलवणारा तो दुसरा कोण. तूच येऊन सांग."