हिरव्या दोऱ्याचा बेल

सत्यमने आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आम्हा दोघांना दोन दिवस बाहेर पाठवायचं ठरवलं आणि पुण्याहून मोबाइलवर दोन रिसॉर्टचे फोटो पाठवले. एक लातूरजवळ, रेणापूर रस्त्यावर. हिरवळ, पोहायचा तलाव, आणि दहा मिनिटांवर दवाखाना. दुसरं धरणाच्या पाण्यातल्या बेटावर. बोटीने जायचं, चार खोल्या, फोनला रेंज नाही. खाली पोराने लिहिलं होतं, 'तुम्ही ठरवा.'

माझं ठरायला वेळ लागला नाही. अहमदपूरला माझं शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, अस्तर. अठ्ठावीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या माणसाने बोटीत कशाला चढायचं?

"लातूरचंच बरंय," मी म्हणालो. "काही झालं तर दवाखाना जवळ हाय."

उज्वलाने फोन घेतला. बेटाचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत राहिली.

"ही आपली टेकडी हाय न्हवं?"

होती. मी पहिल्या नजरेतच ओळखली होती. आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा पाण्यावर तेवढी टेकडी उरली. आम्हा लिंगायतांची स्मशानभूमी तिच्यावर होती. आमच्यात दहन नसतं. माणसाला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि मातीत समाधी देतात. आमची लेक अक्षरा तशीच तिथे बसवलेली होती. सहा वर्षांची होती. तापात गेली, अहमदपूरला नेताना जीपमध्ये, माझ्या मांडीवर. तेव्हापासून कुठेही जायचं म्हटलं की मी आधी दवाखाना किती लांब ते विचारतो. सत्यम त्यावरून माझी थट्टा करतो. ती गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

पण या वेळी दवाखाना हे निमित्त होतं.

गाव उठलं तेव्हा ज्याने त्याने आपल्या माणसाच्या समाधीची मूठभर माती पांढऱ्या फडक्यात बांधून नव्या गावठाणात आणली. मी सगळ्यात शेवटी गेलो. तोवर टेकडीभोवती पाणी चढलं होतं, आणि मला पोहता येत नाही. अर्धा तास काठावर उभा राहिलो. मग काठावरच्या बांधाची माती फडक्यात बांधली आणि घरी आलो. उज्वलाने ते फडकं छातीशी धरलं, आणि माझं तोंड उघडलंच नाही. परसात तिने त्या मातीवर एक छोटा कट्टा बांधून घेतला. वीस वर्षं दर सोमवारी ती त्यावर बेल वाहते. पाच बेलपानं हिरव्या दोऱ्याने एकत्र बांधते, कारण अक्षराला हिरवा रंग आवडायचा. त्या छटेचा दोरा कंपनीने बारा वर्षांपूर्वी बंद केला. शेवटचे दोन खोके मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवले आहेत. तेवढंच माझ्या हातात होतं.

"तिथं आता काय हाय?" मी म्हणालो. "पोरीला तर आपण घरी आणलंय."

"म्हणून तर आता तिथं जायला जीव घाबरत न्हाई," ती म्हणाली. "तीस वर्षांत तुमच्याकडं काय मागितलं मी?"

पुढच्या सोमवारी सकाळी तिने कट्ट्यावर बेल वाहिला. एक पान किड्याने कुरतडलेलं होतं. तेच वर आलं म्हणून ती हळहळली. दुपारी आम्ही बोटीत बसलो. मी फळी घट्ट धरून होतो, ती पाण्यात हात सोडून बसली होती.

बेटावर समाधीचा एक दगड शिल्लक नव्हता. सगळीकडे हिरवळ आणि वेताच्या खुर्च्या. फक्त जुना कडुनिंब तेवढा होता. अक्षराची जागा त्याच्यापासून सात पावलांवर. मी मोजली नाहीत, पण आमच्या खोलीची पायरी साधारण तिथेच येत होती.

चहाच्या वेळी पायरीपाशी एक बाई झाडत होती. भामाबाई तिचं नाव. केरसुणीपुढे बेलाची पानं होती, ताजी.

"इथं बेल कुठाय?" मी विचारलं.

"न्हाई ना साहेब. अख्ख्या बेटावर झाड न्हाई." ती माझ्याकडे बघत नव्हती. "दर सोमवारी पडतंय. मी कामाला लागले तवापासनं झाडते. पानं पाण्यात सोडते. दोरे ठेवते, गजऱ्याला व्हतात."

तिने कनवटीतून हिरव्या दोऱ्यांची गुंडी काढली.

दोऱ्याच्या बाबतीत मी चुकत नाही. पीळ चिमटीत धरला की मला कंपनी कळते. हा तोच बंद झालेला दोरा होता. मग मी खाली वाकून पानं उचलली. वरचं पान किड्याने कुरतडलेलं होतं.

मागे उज्वला उभी होती. तिने माझ्या हातातून पानं घेतली, आपलीच गाठ ओळखली.

"खरं सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. काठ, पाणी, बांधाची माती, सगळं. सांगताना मला रडू आवरेना. ती रडली नाही.

"वीस वर्षं मी मातीला हाका मारल्या."

मग ती पायरीपाशी गवतावर बसली आणि जमिनीवर हात ठेवला.

"एकटीच बसून व्हतीस व्हय गं?" ती हळूच म्हणाली. "बापाला पाणी ओलांडवलं न्हाई. आता तूच ये."

मी खिशातून रुमाल काढला, माती घ्यायला.

"माती नको आता," ती म्हणाली.

त्यानंतरच्या सोमवारी तिने बेल वाहिला नाही. दुपारी दुकानात भामाबाईचा फोन आला. माझा नंबर तिने मागून घेतला होता. काठावर येऊन बोलत होती.

"साहेब, आज पानं पडली न्हाईत. पन पायरीजवळ भुई खचली. लहान लेकरू मांडी घालून बसंल एवढा खड्डा हाय. आत काहीच न्हाई."

मी दुकान बंद करून घरी आलो. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर उज्वलाने एक छोटा टॉवेल घडी करून ठेवला होता.

"दार लावू नका," ती आतून म्हणाली. "पाण्यातनं यायचंय तिला. लहान पावलं हायेत, येळ लागंल."

मी दार लावलं नाही. धरणापासून आमचं घर बावीस किलोमीटर. सहा वर्षांचं पोर दिवसाला किती चालेल, हे मी दुकानात बसून मनातल्या मनात मांडत राहिलो. उत्तर येत होतं, चार दिवस.

आज शुक्रवार. सकाळी उज्वला उठायच्या आधी मी उंबऱ्याशी गेलो आणि टॉवेल उचलला.

ओला होता. आणि कुणीतरी त्याची पुन्हा घडी घातली होती, वेडीवाकडी, टोकाला टोक न जुळलेली.