तळ्याकाठची लुसिया

हे खरं घडलंय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मध्ये नको.

१९०१ सालचा उन्हाळा, आमचं बफेलो शहर. जगभरातली माणसं इथलं प्रदर्शन बघायला लोटली होती. माझा थोरला भाऊ तेओफिल तिथली हलती चित्रं घ्यायचा. त्या दिवशी त्याने तळ्याकाठच्या इमारतींवरून कॅमेरा सावकाश वळवत नेला आणि मध्येच थांबवला. पुढचं तिथूनच, रात्री दिवे लागल्यावर घ्यायचं होतं. म्हणजे पडद्यावर बघता बघता दिवसाची रात्र होणार!

त्याची लेक लुसिया दुपारी तिथेच बागडत होती. आईविना पोर.

रात्री दादा एकटाच घरी आला.

"लुसिया कुठंय?" मी विचारलं.

"म्हणजे? दुपारी तूच नेलीस ना तिला?"

मी नेली नव्हती...

सकाळी ती तळ्यात सापडली. डॉक्टर म्हणाले, दुपारीच बुडाली असणार.

पुढे आमच्या पोलिश वस्तीतल्या हॉलमध्ये ते रीळ लागलं. मागे दादा यंत्राचं हँडल फिरवत होता. पडद्याशेजारी मी पियानोवर.

दिवसाच्या भागात लुसिया दिसली. तळ्याकाठून चालत होती, हातात मी दिलेला, आमच्याकडच्या काळ्या खसखशीचा पाव. माझे डोळे भरून आले.

मग रात्र झाली. दिवे झगमगले. टाळ्या पडल्या.

आणि लुसिया... चालतच होती.

दिवसा उचललेलं पाऊल तिने रात्री टेकवलं.

तेव्हा तर ती पाण्याखाली होती!

माझं वाजवणं थांबलं.

"ए पोला, झोपलीस काय? वाजव की!" मागून कुणीतरी ओरडलं.

लुसिया वळली. थेट यंत्राकडे बघितलं... आणि हात पुढे केला.

दादाने हँडल थांबवलं.

रीळ दिव्यासमोर थांबलं की पेटतं. हे त्याला मी सांगायचं?

"दादा, फिरव! जळेल!"

"फिरवलं तर ती जाईल गं..."

भडका उडाला. लोक दाराकडे धावले. कुणीतरी ओली पोती टाकून आग विझवली. यंत्राचा दिवाही गेला.

पडदा मात्र उजळलेलाच होता...

त्याच्यासमोर दादा उभा होता, उजवा हात लांब करून.

मग सगळं काळं झालं.

कंदील आणला. दादाची बाही कोपरापर्यंत निथळत होती. मूठ घट्ट मिटलेली. लोक म्हणाले, पोत्यांचं पाणी. पोत्यांना शेवाळाचा वास येतो का?

ती मूठ अजून उघडलेली नाही. मी रोज तो हात कोरडा करते. सकाळी तो पुन्हा ओला असतो. मला त्याच्या खोलीत जायची भीती वाटते, पण मी नाही तर कोण जाणार?

काल पुसताना फडक्याला काहीतरी काळं, बारीक चिकटलं. उजेडात नेऊन बघितलं...

खसखस होती.

लुसिया गेल्यापासून आमच्या घरात खसखस आणलेली नाही.