भिडूच्या सवयी

टेबलावरच्या हिरव्या कापडाला पत्ते वाचता येतात, याचं आता कुणाला काही वाटेनासं झालं होतं. कापडाच्या विणीत केसाहून बारीक तारा होत्या. पान पडलं की ते कोणतं, कुणी टाकलं आणि टाकण्याआधी किती वेळ विचार केला, हे सगळं त्या तारा टिपून घेत. या यंत्रणेला सगळे ‘साक्षी’ म्हणत. देशातल्या प्रत्येक ब्रिज स्पर्धेत गेली पाच वर्षं ती बसवलेली होती, आणि जुने खेळाडू तिला अजूनही मनातल्या मनात शिव्या देत होते.

तिची गरज मात्र सगळ्यांनाच मान्य होती. ब्रिज हा दोन जोड्यांचा खेळ. आपल्या हातातली पानं भिडूला सांगायची ती फक्त बोलीतून, म्हणजे किती हात करू हे ठरवण्याच्या लिलावातून. खाकरून नाही, भुवई उचलून नाही, पेन आडवं ठेवून तर नाहीच. म्हणून टेबलाच्या मधोमध पडदा असतो. भिडू एकमेकांना दिसत नाहीत. प्रत्येकाच्या बाजूला एक प्रतिस्पर्धी बसतो. बोलीच्या चिठ्ठ्या एका तबकात ठेवायच्या आणि ते तबक पडद्याखालून, मोटरीवर, ठरावीक वेळानेच पलीकडे सरकतं. म्हणजे भिडू अडखळला की नाही, हेसुद्धा कळायला नको.

पुण्यातल्या क्रीडासंकुलात भारतीय संघाच्या निवड स्पर्धेचा तो शेवटचा दिवस होता. सकाळचं सत्र संपलं तेव्हा रत्नागिरीची देवस्थळी जोडी पहिल्या क्रमांकावर होती. शाल्मली देवस्थळी बावीस वर्षांची आणि तिची भिडू हर्षदा एक्कावन्न वर्षांची, तिची आई. हर्षदाताई दातांच्या डॉक्टर. नऊ वर्षांच्या शाल्मलीला त्यांनी हा खेळ दवाखान्यातच शिकवला होता. एका पेशंटच्या दाढेवर भुलीचं इंजेक्शन चढेपर्यंत हत्यारांच्या ट्रेमध्ये तेरा पानं मांडायची आणि विचारायचं, “बोल, काय म्हणशील?” पेशंट अर्धवट सुन्न तोंडाने हसायचे. तेव्हापासून शाल्मलीला दुसरं काही करावंसंच वाटलं नाही. जागतिक स्पर्धेत आईच्या समोर बसून खेळायचं, एवढं एकच तिने तेरा वर्षं मागितलं होतं. आज ते चार तासांवर आलं होतं.

जेवायला निघताना मुख्य पंच सुमेधा रेळे यांनी शाल्मलीला एकटीलाच आपल्या खोलीत बोलावलं.

“बस. दार लाव,” रेळेबाई म्हणाल्या. लहानपणापासून ओळखणाऱ्या बाई, पण आज चेहरा परका वाटत होता. “साक्षीने तुमच्या जोडीवर बोट ठेवलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हा दोघींमध्ये बोलीबाहेरून काहीतरी माहिती जातेय असं तिचं म्हणणं आहे.”

शाल्मलीला आधी हसूच आलं, मग नियम आठवला. फसवणूक ठरली तर दोन वर्षं बंदी. आणि बंदी एक वेळ संपेल, नाव मात्र जन्मभर डागाळलेलं राहील.

रेळेबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर एक तक्ता उघडला. “तुमचा ‘बदली’चा ठराव. तू ‘एक नोट्रम्प’, म्हणजे हुकूम नको, म्हणालीस की आईने ‘दोन बदाम’ म्हणायचं, पण त्याचा अर्थ ‘माझ्याकडे इस्पिकं भरपूर आहेत’. मग तू ‘दोन इस्पिक’ म्हणायचंस. बरोबर?”

“हो. सगळेच खेळतात तसं.”

“गेल्या नऊ महिन्यांत ही वेळ त्रेपन्नदा आली. बेचाळीस वेळा आईकडे खरोखर इस्पिकं होती, तू इस्पिक म्हणालीस. अकरा वेळा आई ठराव विसरली. तिच्याकडे खरोखरच बदाम होते.” रेळेबाईंनी त्या रांगेवर बोट ठेवलं. “त्या अकराही वेळा तू ‘पास’ म्हणालीस, बदामांवरच थांबलीस. ठराव मोडून! एकदाही चुकली नाहीस. पडद्यापलीकडच्या आईचं तुला कसं कळलं, शाल्मली?”

आईच्या चुकांपेक्षाही त्या आकड्याने शाल्मलीला जास्त हादरवलं. आई विसरली होती, हे तिला आठवत होतं. दोनदा, फार तर तीनदा. ‘झोप लागली होती का गं आई?’ म्हणून दोघी हसल्याही होत्या. अकरा वेळा?

“मला... वाटायचं,” ती म्हणाली. “हातालाच कळायचं. मला वाटलं, मी चांगली खेळते म्हणून.”

वर्तमानपत्रांनीही तसंच लिहिलं होतं. देवस्थळींच्या मुलीची अचाट जाण वगैरे. ती कात्रणं आईने दवाखान्यात फ्रेम करून लावली होती.

“खूण वगैरे काही सापडली नाही,” रेळेबाईंचा आवाज जरा उतरला. “मग साक्षी मागे मागे गेली. त्या अकराही वेळा दिवसभराच्या खेळाचा चौथा तास उलटून गेला होता. आणि त्याआधीच्या दोन-तीन डावांत आईने एखादं क्षुल्लक पान चुकीचं टाकलं होतं, कुणाच्या नजरेत न भरणारं. दुर्रीऐवजी तिर्री, असं. तुझ्या नजरेत मात्र ते भरत होतं. तुला न कळता तू आईवर पहारा देत होतीस.”

“मग ही फसवणूक कशी?”

“नियम तुलाही पाठ आहे. भिडूची जी सवय अनुभवाने तुला माहीत झालीय, ती प्रतिस्पर्ध्यांना माहीत असलीच पाहिजे. तुझी भिडू विसरते हे तुला ठाऊक आहे, त्यांना नाही. तेवढं पुरे आहे.”

मग त्यांनी दुसरा तक्ता उघडला, आणि तो त्यांना उघडायचा नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. त्यावर एक रेघ होती, आईच्या चुकांची. नऊ महिन्यांत ती हळूहळू वर चढत गेली होती. तिच्याशेजारी आणखी सहा फिकट रेघा होत्या, तशाच चढत गेलेल्या.

“या कुणाच्या?”

“जुन्या खेळाडूंच्या. नावं मला दिसत नाहीत. त्या सगळ्यांचं नंतर निदान झालं.”

“कशाचं?” शाल्मलीने विचारलं. उत्तर तिला कळलं होतं, तरी विचारलं.

“विसरण्याच्या आजाराचं,” रेळेबाई म्हणाल्या. “यंत्र डॉक्टर नाही. आणि हे तुला दाखवण्याचा मला अधिकार आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही. पण तुला फसवी ठरवायचं आणि कारण लपवायचं, हे मला जमलं नसतं.”

एक्कावन्न वर्षांची बाई! परवापर्यंत साठ पेशंटांचे क्ष-किरण फोटो नावानिशी लक्षात ठेवणारी. शाल्मलीला राग आला, त्या कापडाचा, त्या तारांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताचा. ज्याला ती आपली प्रतिभा समजत होती, ती नुसती आईच्या आजाराची नोंद होती.

पुढचं रेळेबाईंनी थोडक्यात सांगितलं. माघार घेता येईल. किंवा खेळायचं, आणि वेळ आली की आपल्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला पाटीवर लिहून सांगायचं. पाटी म्हणजे हातभर लांबीचा लिहायचा फलक. पडद्यामुळे बोलीचा खुलासा त्यावरच लिहितात. पलीकडच्या भिडूला तो दिसत नाही. पाट्यांवरचा मजकूर साक्षीकडे मोहोरबंद राहतो, चौकशी असेल तरच आणि स्पर्धा संपल्यावरच उघडतो. “ही चौकशी आहे. तेव्हा संध्याकाळी तुम्हा दोघींच्या नऊ महिन्यांच्या पाट्या उघडतील. दोघींसमोर.”

बाहेर हर्षदाताई दहीभात खात बसल्या होत्या. लेकीसाठी त्यांनी लोणच्याची फोड बाजूला काढून ठेवली होती.

“काय म्हणत होत्या गं रेळे?”

“काही नाही. पासपोर्टच्या प्रती हव्यात म्हणाल्या.”

“इतक्यात? अजून जिंकलो कुठे?” हर्षदाताई हसल्या. “तोंड का पडलंय तुझं? जेव. रिकाम्या पोटी तू उगाच मोठ्या बोल्या करतेस.”

शाल्मलीने फोड तोंडात टाकली. टेबलावर आणि टेबलाबाहेर ती आईशी कधी खोटं बोलली नव्हती.

दुपारच्या सत्रात समोर गोव्याची जोडी होती. शाल्मलीच्या बाजूला साठीतले तेंडोलकर बसले होते. तीन तास बरे गेले. आई सुरेख खेळत होती, आणि प्रत्येक पानागणिक शाल्मलीला वाटत होतं, यंत्र चुकलं असेल. का नाही चुकणार? यंत्रच ते. मग पाच वाजायला वीस मिनिटं असताना पडद्याखालच्या फटीतून आईने किलवरची तिर्री टाकलेली तिला दिसली. दुर्री टाकायला हवी होती.

पुढच्याच डावात तिच्याकडे नोट्रम्पची पानं आली. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. तिने ‘एक नोट्रम्प’ची चिठ्ठी ठेवली. तबक गेलं. ठरलेल्या सेकंदांनी परत आलं. त्यात आईची चिठ्ठी होती, दोन बदाम.

तेंडोलकरांनी नियमाप्रमाणे पाटीकडे बोट दाखवलं. शाल्मलीने लेखणी उचलली. अक्षर इतकं वाकडं आलं की ते आपलं आहे हे तिला ओळखू येईना. ‘ठरावाप्रमाणे इस्पिक. पण माझी भिडू हा ठराव विसरते. दिवस सरताना जास्त. आत्ता विसरली असावी.’

चार वाक्यं. लिहून झाल्यावर तिला वाटलं, आपण आईला भर दालनात उभं करून तिचं गुपित ओरडून सांगितलं.

तेंडोलकरांनी ते वाचलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि नुसती मान हलवली. हे तेव्हा तिला खटकलं, पण विचार करायला वेळ नव्हता. तिने ‘पास’ची चिठ्ठी ठेवली.

आईकडे सहा बदाम होते. डाव बनला. देवस्थळी जोडी निसटत्या फरकाने पहिली आली, टाळ्या वाजल्या, कुणीतरी फोटो काढले. तेंडोलकर वळसा घालून हर्षदाताईंकडे गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चौकशी रेळेबाईंच्या त्याच खोलीत झाली, तिघीच होत्या. रेळेबाईंनी हर्षदाताईंना साक्षीचा आरोप सांगितला आणि भिंतीवर पाट्या उघडल्या. आधी शाल्मलीच्या. आजची चार वाक्यं सोडली तर कुठेही काही वावगं नव्हतं. हर्षदाताईंनी ती वाचली. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही, फक्त पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं गेलं.

“आई, मी—”

“थांब,” हर्षदाताई म्हणाल्या. “माझ्या बघ आधी.”

आईच्या पाट्या उघडल्या. जुलै, सांगली. दातांच्या डॉक्टरचं ते सुबक, बारीक अक्षर. ‘बदाम. यावर आमचा काही ठराव असेल तर मला आत्ता आठवत नाही. माझी मुलगी ओळखते आणि सावरून घेते. तिला हे ठाऊक नाही. कृपया तिला सांगू नका.’

ऑगस्ट, सावंतवाडी. तोच मजकूर. खाली प्रतिस्पर्ध्याने वाचल्याची सही होती, तेंडोलकर. सप्टेंबर, नाशिक. नोव्हेंबर, पणजी. प्रत्येक पाटीखाली वेगळी सही. आणि आजची, पाच वाजायच्या जरा आधीची. तिच्यात ‘ओळखते’ हा शब्द दोनदा लिहिला गेला होता.

स्पर्धांमधून आईला आधी खुर्ची देणारे, तिच्यासाठी चहा आणणारे, हल्ली फारच अदबीने वागणारे ते सगळे चेहरे शाल्मलीसमोर आले. तिला तो आईच्या खेळाचा मान वाटला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. अख्ख्या ब्रिजच्या जगाला ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिला, आणि तिचा हात तर नऊ महिने तेच सांगत होता!

“पहिल्या चार वेळा माझ्या लक्षातच आलं नाही,” हर्षदाताई म्हणाल्या. “मग आलं. रूट कॅनॉल मी जूनपासूनच करत नाही. ते सगळे धाकट्या डॉक्टरकडे देते. तुला सांगितलं, पाठ दुखते म्हणून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू सांगितलंस?”

शाल्मलीला दुपारचं ते पासपोर्टचं खोटं आठवलं.

रेळेबाईंनी पाट्या मिटल्या. आरोप उरत नाही, असं त्या म्हणाल्या. प्रतिस्पर्ध्यांना जुलैपासून माहिती मिळत होती, त्याआधीच्या चार डावांची समज देऊन भागेल. मग त्यांनी जागतिक स्पर्धेचा अर्ज पुढे सरकवला. स्पर्धा सात महिन्यांनी होती. अर्जात ‘भिडूच्या सवयी’ असा एक रकाना होता. त्यात जे लिहायचं ते जगातला प्रत्येक प्रतिस्पर्धी वाचणार होता. भिंतीच्या कोपऱ्यात आईच्या चुकांची ती रेघ अजून उघडीच होती, आणि साक्षीने ती ठिपक्याठिपक्यांनी पुढे वाढवून दाखवली होती. सातव्या महिन्याशी ठिपके कुठे पोचत होते, ते दोघींनीही पाहिलं.

“बंद करा ते,” शाल्मली म्हणाली.

“राहू दे,” आई म्हणाली. तिने लेखणी उघडली, त्या रकान्यावर टेकवली, आणि तशीच थांबली. काय लिहायचं ते आठवत नव्हतं, की लिहवत नव्हतं, हे शाल्मलीला कळेना. पहिल्यांदाच कळेना. मध्ये पडदा नव्हता.

मग हर्षदाताईंनी मान वर केली.

“शालू, भिडूबद्दल कळलेलं सगळं समोरच्यांना सांगायचं, असा नियम आहे,” त्या म्हणाल्या. “भिडूला सांगायचं, असा नियम का नाही गं कुणी केला?”