तीन नंबरच्या लाइनचा दाब

कंट्रोल रूममध्ये पुढच्या पाळीसाठी सूचना लिहायच्या फळ्यावरची एकच ओळ पुसलेली होती.

हेलिकॉप्टरमधून उतरून तपास अधिकारी मोइरा रेनी थेट तिथे आली होती. उत्तर समुद्रातल्या या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरच्या गॅसलाइनचा सांधा सुटला आणि आग लागली. लाइनजवळ काम करणाऱ्या कॅलम डूथीचे दोन्ही हात भाजले. तो ॲबर्डीनच्या इस्पितळात होता.

"मी लिहिलं होतं," फिटर आयला म्हणाली. "'तीन नंबर: बोल्ट आवळायचे बाकी. दाब वाढवू नये.' पाळी संपताना, इथेच."

"तोंडी कुणाला सांगितलंत का?"

"नाही. डोळे उघडे राहत नव्हते. जाऊन झोपले." तिची मान खाली गेली.

सुपरवायझर फार्करने फळा पाहिलाच नव्हता. "सातला यूअनला फोन केला, तीनचा दाब वाढव म्हणून. उत्पादन मागे पडलं होतं."

"तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

याच खोलीत दाब कमीजास्त करायच्या मशीनपाशी बसणारा यूअन लीस्क चाळिशीचा, हळू बोलणारा. "मी सहाला आलो, तेव्हा फळ्यावर तीन नंबरचं काही नव्हतं."

"म्हणजे आयला खोटं बोलते?"

"तसं नाही, मॅडम. दमली होती. लिहायचं राहिलं असेल."

मोइराने मशीनची नोंद मागवली. सहा वीसला तीन नंबरचा दाब एक तृतीयांशाने उतरला होता. सात वाजून दोन मिनिटांनी पुन्हा पूर्ण चढला. बाकीच्या लाइनी होत्या तशाच.

दुपारी तिने तिघांना समोर बसवलं.

"सहा वीसला मशीनपाशी यूअन एकटाच होता. फळ्यावर काही नव्हतं, तर नेमक्या तीन नंबरचाच दाब त्याने का उतरवला? ती ओळ त्याने वाचली होती. आग लागल्यावर सगळे लाइफबोटींकडे धावले. इथे थांबायचं काम यूअनचं. ओळ तेव्हा पुसली गेली."

यूअनने नाकारलं नाही. "म्हटलं, कुणी बोल्ट आवळेपर्यंत कमी दाबावर निभून जाईल."

"आणि सातला फोन आला तेव्हा? एवढंच सांगायचं होतं, की बोल्ट सैल आहेत."

"मागच्या महिन्यात गळतीच्या संशयावरून मी पंप बंद केला. गळती निघाली नाही. तेव्हापासून मेसमध्ये मला आजीबाई म्हणतात. पुन्हा ऐकायचं नव्हतं."



"ते नाव मीच ठेवलं," फार्कर म्हणाला. "आणि साडेसहाला तो माझ्या दारात आला होता. मी फोनवर होतो. हातानेच 'नंतर' म्हटलं. मॅडम, हे मी तुम्हाला सांगितलं नाही."

"तेही लिहिते." मोइराने वही ओढली. "पण फळा तुम्हीच पुसलात, यूअन."

"हो. आणि हात भाजले कॅलमचे." तो उठला. "कॅलमच्या बायकोला कुणी कळवलंय का, हे कसं झालं ते?"

"अजून नाही. ते काम माझं आहे."

"मला करू द्या."

त्याने नंबर लावला. पलीकडून आवाज येईपर्यंत तो उभाच होता.

"शोना, मी यूअन. फोन ठेवू नकोस. मला माहीत होतं."