नऊ विटांचा तोल

नऊ विटा, नऊ घरं आणि हवा उरली होती चौदा मिनिटांची.

अकरा वर्षांची शाल्मली नऊ घरांच्या तबकापुढे गुडघे टेकून बसली होती. शेजारी तिची आत्या, समुद्रशास्त्रज्ञ मंजुळा तोडणकर, मुरगळलेलं मनगट पोटाशी धरून होती. त्यांची छोटी पाणबुडी ‘कासव’ खडकावर आपटली होती आणि एक ते नऊ किलोंच्या शिशाच्या विटा तबकातून उसळून खाली पडल्या होत्या. तबकाच्या तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन तिरप्या ओळींखाली संवेदक (भार ओळखणारी उपकरणं) होते. आठही ओळींचा भार सारखा झाल्याशिवाय कासव वर सुटणार नव्हतं. प्रत्येक तपासणीला चार मिनिटांची हवा लागायची.

शाल्मलीने अंदाजाने विटा लावून बटण दाबलं. चार मिनिटांनी लाल दिवा लागला.

“दहा उरली,” आत्या म्हणाली. “वर जायला तीन लागतात. म्हणजे आता एकच तपासणी. घाई करू नकोस. सगळ्या विटांचं वजन किती?”

“पंचेचाळीस. आडव्या ओळी तीन, म्हणजे एकेकीत पंधरा.”

“मधलं घर किती ओळींत येतं?”

शाल्मलीने बोट फिरवलं. “चार. चार ओळींचे साठ. त्यांत बाकीची घरं एकेकदा येतात, मधलं मात्र चारदा. पंचेचाळीसवर पंधरा जास्त आहेत, ते मधल्या विटेचे तीन जादा वेळा. मधे पाच.”

“आणि एकची वीट?”

“तिच्यासोबत चौदा हवेत. नऊ-पाच, आठ-सहा, दोनच जोड्या. कोपरा तीन ओळींत येतो, म्हणून एक कोपऱ्यात बसणारच नाही.”

तिने एकची वीट वरच्या ओळीत मधे ठेवली, तिच्या दोन बाजूंना आठ आणि सहा. तळाला मधे नऊ. मग विटा आपोआप जागा सांगू लागल्या. तिरप्या ओळींत आठ, पाच, दोन. सहा, पाच, चार. डावीकडे तीन, उजवीकडे सात.

बटणावर गेलेला हात थबकला. “चुकलं असेल तर?”

“बेरीज करून बघ की.”

तिने आठही ओळी मोजल्या. आठही वेळा पंधरा. हवा आठ मिनिटांची होती. तिने बटण दाबलं आणि आत्याचा चांगला हात घट्ट धरला.

चार मिनिटं दोघी दिव्यांकडे बघत राहिल्या. मग एकेक दिवा हिरवा होत गेला. कासव थरथरलं आणि वर निघालं. काचेबाहेरचं काळं पाणी निळं झालं, मग हिरवट. झाकण उघडताच खारा वारा आत आला. शाल्मली कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली.

“पुढच्या वर्षी मोठी पाणबुडी येतेय,” आत्या म्हणाली. “सोळा विटांची.”

शाल्मलीने धुकट काचेवर बोट टेकवलं. “एक ते सोळा, एकशे छत्तीस. ओळी चार,” ती पुटपुटली आणि चौतीस लिहिलं. “पण आत्या, तिथे मधलं घरच नाही. मग सुरुवात कुठून करायची?”