मशीनला विचारलेला प्रश्न

"आजच्या बसनं घरी जाऊ नको म्हनून राहिला कोनीतरी," असं म्हणत प्रेरणा पटलेनं मोबाइल टेबलावर ठेवला.

गोंदियाच्या बाजारात, एका तांदळाच्या दुकानावरच्या खोलीत दुर्गेश्वरी बिसेन खासगी तपासाची कामं घेई. तिचा सहकारी हिमांशू कटरे मनानं चांगला होता. फक्त वरात गेल्यावर घोडं आणणारा. त्यानं मोबाइलवरचा मजकूर मोठ्यानं वाचला.

'प्रेरणा, आज दवनीवाड्याच्या बसमध्ये चढू नको. चढलीस तर घर दिसणार नाही.'

"हे कोणाला दाखवलंस?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"कोनालेच नाही जी. घरी सांगतलं तर बाबा नोकरी सोडाले लावन. ऑफिसात एवढंच बोलली, का फोनवर कोनीतरी त्रास देऊन राहिला. बसचं तुमालेच पहिले सांगून राहिली."

प्रेरणा धानाचं बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत फोनवर ऑर्डर घ्यायची. सगळे कॉल रेकॉर्ड होत. शेतकऱ्यांना काय हवं, काय खटकतं, हे काढायला कंपनीनं एआय आणलं होतं. सगळे त्याला मशीनच म्हणत.

"मशीननं मानूस बी शोधला, ताई. चैतराम नावाचा गिऱ्हाईक. पन तो नसन तर? त्याले धरतीन, अन् खरा मानूस मोकळाच राहीन. मी संध्याकाळी घरी कशी जाऊ?"

दुर्गेश्वरी उठली. "चल, तुझ्या ऑफिसात."

कंपनीचे मालक भुपेंद्रशेठ तापलेलेच होते. चैतरामला त्यांनी बोलावून बाकावर बसवलं होतं आणि त्याचा फोन काढून टेबलावर ठेवला होता.

"बुढ्ढ्याला पोलिसात देऊन टाकतो," शेठ म्हणाले.

"बियानं उगवलं नाही, म्हनून बोललो," चैतराम म्हणाला. "शामकलाले बोललो. ह्या पोरीले मी कायले बोलू? मी इले वळखत बी नाही."

"शामकला कोण?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"माझ्या आईचं नाव," शेठ म्हणाले. "फोनवर आमच्या सगळ्याच पोरी शामकला. खरं नाव गिऱ्हाइकाला कळायला नको. उगाच मागं लागतात."

कॉम्प्युटरपाशी गुड्डू होता. रेकॉर्डिंग सांभाळणं त्याचं काम. "मॅडम, मी कुठं काही म्हणतो? मशीन झूठ नाही बोलत," असं म्हणून त्यानं स्क्रीन वळवली. वर त्याचा प्रश्न होता:

'चैतराम हा रागीट ग्राहक प्रेरणाला बसनं जाऊ नको म्हणून धमकावतो, याची कारणं त्याच्या कॉलमधून दे.'

खाली उत्तर होतं: 'ग्राहक अतिशय संतप्त आहे. "पाहून घेतो" असे तो म्हणतो. त्यामुळे तोच धमकावत असण्याची दाट शक्यता आहे.'

"झालं की!" हिमांशू म्हणाला.

"काय झालं? साप साप म्हणून भुई धोपटलीय नुसती," दुर्गेश्वरी म्हणाली. "नाव आपण द्यायचं, गुन्हाही आपणच सांगायचा. मग मशीन कारणं जोडून देतं. ऊठ रे, मला बसू दे."

गुड्डू उठला आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. दुर्गेश्वरीनं सावकाश लिहिलं:

'कोणावरही संशय घेऊ नको. प्रेरणानं घेतलेल्या सगळ्या कॉलमधलं धमकीचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं दे. कोण बोललं, कोणाबद्दल बोललं आणि आधी काय चाललं होतं, ते लिही. बस, येण्याजाण्याचा रस्ता किंवा प्रेरणा हे नाव कुठं आलं असेल तर वेगळं दाखव. आलं नसेल तर नाही म्हण. अंदाज बांधू नको.'

शेठ दोन्ही हात हलवत चैतरामशी वाद घालत होते. तेवढ्यात प्रेरणाचा मोबाइल थरथरला. तिनं वाचलं आणि मोबाइल दुर्गेश्वरीपुढे धरला.

'त्या बाईला घेऊन आलीस ना? आता बघ.'

हिमांशूनं धावत जाऊन दाराला कडी लावली. लगेच बाहेरून दार वाजलं, तेव्हा तो किंचाळायचाच राहिला. बाहेर गुड्डू होता, हातात पाण्याचे ग्लास.

मशीनचं उत्तर आलं होतं. दुर्गेश्वरीनं ते वाचलं, चैतरामचं रेकॉर्डिंग स्वतःच्या कानांनी ऐकून ताडून घेतलं, आणि मग खुर्ची फिरवली.

"चैतरामकाका म्हणाले, 'कंपनीले पाहून घेतो'. कंपनीला, पोरीला नव्हे. आणि धमकीत नाव प्रेरणाचं आहे. फोनवर ती शामकला आहे. एकाही कॉलमध्ये तिचं खरं नाव नाही. आणि मी इथं आलेय, हेही त्याला लगेच कळलं. म्हणजे माणूस ऑफिसातला."

"मी?" शेठ चमकले.

"आत्ताची धमकी आली तेव्हा तुमचे दोन्ही हात हवेत होते. काकांचा फोन टेबलावर होता. बाहेर एकटा गुड्डू होता."

"पानी आनाले गेलो होतो," गुड्डू म्हणाला.

"तेवढ्यावर मी कोणाला धरत नाही. मला बसचं सांग. प्रेरणानं ते ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. कुठल्याही कॉलमध्ये बस नाही. मग तुझ्या प्रश्नात बस आली कुठून?"

"मशीननं सांगितलं असेल त्याला," हिमांशू पुटपुटला.

"अरे शहाण्या, मशीन बोललं प्रश्नानंतर. बस त्याच्या आधी, प्रश्नातच होती. धमकी लिहिणाऱ्यालाच ती माहीत होती. चैतरामवर आळ पक्का बसावा म्हणून यानं जास्तीचं लिहिलं, आणि तिथंच फसला. फोन दे, गुड्डू."

गुड्डूनं फोन दिला नाही. शेठनी तो हिसकावला. प्रेरणाला नव्या सिमवरून पाठवलेले सगळे मेसेज त्यातच होते.

"लग्नाचं विचारलं तं नाही म्हणाली," गुड्डू खाली बघत म्हणाला. "नुसता भेव दाखवून राहिलो होतो. मी काही केलं नसतं."

"ते मले कोठं माहीत होतं?" प्रेरणा म्हणाली.

शेठनी पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी दुर्गेश्वरी आणि हिमांशू प्रेरणाला दवनीवाड्याच्या बसपर्यंत सोडायला गेले. गुड्डू ठाण्यात बसलेला प्रेरणानं स्वतः पाहिला होता. तरी बसमध्ये चढल्यावर ती आधी मागच्या सीटपर्यंत चालत गेली, एकेक चेहरा पाहून आली, आणि मग कंडक्टरच्या शेजारी बसली.